ॲटली सरकार, १९४५-५१: एवढं करूनही घरी का बसले?

टीपकागद

आपल्याकडे ॲटली म्हटलं की २० फेब्रुवारी १९४७ ची घोषणा, मग माउंटबॅटन, मग फाळणी, आणि मग धाग्याला कुलूप. म्हणून आधीच सांगतो, इथे ते नको. त्यांनी स्वतःच्या देशात काय केलं त्यावर बोलू.

५ जुलै १९४५ ला मतदान झालं, पण जगभर पांगलेल्या सैनिकांची मतं यायची होती म्हणून निकाल लागला २६ जुलैला. मजूर पक्षाला ३९३ जागा. युद्ध जिंकून दिलेले चर्चिल घरी, आणि त्यांच्या जागी कोण, तर लंडनच्या स्टेपनीत गरीब पोरांचा क्लब चालवलेले, गॅलिपोलीला लढलेले, भाषणाला उभे राहिले की सभेला जांभया आणणारे मेजर ॲटली. राजवाड्यावर गेले तेही बायकोने चालवलेल्या घरच्या गाडीतून. त्याच दिवशी पक्षातले हर्बर्ट मॉरिसन 'आधी नेता निवडू, मग राजाकडे जा' म्हणून खटपट करत होते. पक्षातल्याच अर्नेस्ट बेव्हिननी ॲटलींना सांगितलं, तू आधी जा. गेले.

पुढच्या सहा वर्षांत बँक ऑफ इंग्लंड, कोळसा, रेल्वे, वीज, गॅस, शेवटी पोलादसुद्धा सरकारी. राष्ट्रीय विमा, सर्वांना फुकट उपचार, दहा लाखांवर नवी घरं, राष्ट्रीय उद्यानांचा कायदा. आणि तिजोरीत खडखडाट! अमेरिकेने युद्धातली उधारी ऑगस्ट १९४५ मध्ये एका फटक्यात बंद केली होती.

माझं मत असं की हे ॲटलींच्या विचारांच्या ताकदीवर झालं नाही. युद्धाने लोकांना सरकार सगळं चालवू शकतं याची सवय लावली होती, सामाजिक विम्याचा बेव्हरिज अहवाल १९४२ पासून घरोघरी माहीत होता. ॲटलींचं काम एकच, मंत्रिमंडळातले पाच मारके बैल एका औताला जुंपून ठेवणं. आणि १९५१ ला त्यांच्या पक्षाला ४८.८ टक्के मतं पडली, सगळ्यात जास्त, तरी सत्ता गेली. ती का गेली, हा माझा प्रश्न.

चकलीबहाद्दर

डाउनिंग स्ट्रीटवर एक रिकामी टॅक्सी थांबली. दार उघडलं आणि ॲटली उतरले. (चर्चिल)

मी निघतो. चालू द्या.

सरळरेषा

तो चर्चिलचा विनोद नाही. त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी तो आपला नसल्याचं ठणकावून सांगितलं होतं, वर ॲटली सभ्य आणि शूर गृहस्थ आहेत असंही सुनावलं. पाच वर्षं युद्धाच्या मंत्रिमंडळात एकत्र काढली होती दोघांनी.

पाटीपुस्तक

बेव्हन आणि बेव्हिन एकच का? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये एकाच पानावर दोन्ही छापलंय. परीक्षेला आलं तर मेलो.

मीठभाकर

@पाटीपुस्तक, दोन वेगळे, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे. अनायरिन बेव्हन म्हणजे वेल्सच्या ट्रेडिगारचा खाणकामगार, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. ॲटलींनी त्याला आरोग्यमंत्री केलं, आणि घरबांधणीही त्याच खात्यात. अर्नेस्ट बेव्हिन म्हणजे ब्रिस्टलमध्ये गाडी हाकणारा पोरका पोर, ज्याने पुढे देशातली सगळ्यात मोठी वाहतूक कामगार संघटना उभी केली. तो परराष्ट्रमंत्री.

कोणीतरी बेव्हिनला म्हणालं, तो स्वतःच स्वतःचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. बेव्हिन म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत नाही! हे बेव्हनबद्दल होतं की मॉरिसनबद्दल, यावर तिकडे अजून भांडतात.

टीपकागद, बैल आवडले. पण विचारांची ताकद नव्हती हे नाही पटलं. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याचं पहिलंच कलम 'जुना गरीब-कायदा यापुढे लागू नाही' असं आहे. साडेतीनशे वर्षांचं वर्कहाउस (गरिबांना राबवणारं कामघर) एका ओळीत संपवायचं, याला नुसती सवय पुरत नाही.

रामभाऊ_पेठकर

आरती झाली असेल तर थोडं बोलतो.

युद्धात पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या तेव्हाही इंग्लंडात पाव रेशनवर नव्हता. तो रेशनवर आणला या सरकारने, जुलै १९४६ ला, शांततेच्या काळात. दोन वर्षं ठेवला. १ जानेवारी १९४७ ला खाणी 'जनतेच्या वतीने' ताब्यात घेतल्या, आणि पाच-सहा आठवड्यांत कोळशाअभावी वीज बंद, कारखाने बंद, वीस लाखांवर लोक तात्पुरते बेकार. इंधनमंत्री शिनवेल शरद ऋतूपर्यंत सांगत होते, काही टंचाई नाही. बर्फ पडला हे खरं, पण साठा कमी होता हे बर्फाने नाही केलं.

आणि टांगानिकातला (आजच्या टांझानियातला) भुईमूग! सरकारने आफ्रिकेत भुईमूग लावायचा, इंग्लंडला तेल मिळणार. ३२ लाख एकरांचा बेत. साडेतीन कोटींहून जास्त पौंड खड्ड्यात. वाढायला निघाले आणि ताटच सांडलं.

शेंगदाणा_कराड

भुईमूग ऐकून लॉगिन केलं. :)

ही योजना मी मुद्दाम वाचली आहे, कारण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच पीक. त्यांनी जागा निवडली ती कोंग्वाला. माती चिकण. पावसात मऊ, ऊन पडलं की विटेसारखी. भुईमुगाचं फूल वर लागतं पण शेंग खाली धरते, आऱ्या जमिनीत घुसाव्या लागतात. त्याला माती भुसभुशीत पाहिजे. समजा घुसल्या, तरी काढणीच्या वेळी रान कडक झालं की वेल हातात येतो आणि शेंगा जमिनीत राहतात. मग कुदळी घेऊन माणसं लावा. तिथे तर ट्रॅक्टरचीही दमछाक झाली, म्हणून शर्मन रणगाडे कापून त्यांचे ट्रॅक्टर केले. आमचा सालगडी बांधावर उभा राहून सांगू शकला असता की इथे भुईमूग नको, हुलगा टाका.

पण रामभाऊ, ही कल्पना मुळात सरकारी बाबूची नव्हती. युनिलिव्हरच्या आफ्रिकेतल्या कंपनीच्या साहेबाने ती मांडली होती. खाजगी डोक्यातूनच निघाली.

रामभाऊ_पेठकर

डोकं खाजगी, पैसा जनतेचा. माझा मुद्दा तोच आहे.

अर्धविराम

पावाच्या रेशनचं थोडं मागचं सांगतो. १९४६ ला जगभर गव्हाची ओढ होती. जर्मनीचा जो भाग ब्रिटनच्या ताब्यात होता तिथल्या माणसांना जगवायची जबाबदारी यांची, हिंदुस्थानातही दुष्काळाची भीती, आणि अमेरिकेशी बोलणी करताना या दोन्हींसाठी ब्रिटनने आपल्या वाट्यातला गहू सोडला. विरोधकांना हत्यार मिळालं ते मिळालंच. रांगेत उभ्या बाईला जर्मनीतला गहू दिसत नाही, हातातलं कार्ड दिसतं.

खरी नाडी डॉलरची होती. अर्थतज्ज्ञ केन्स स्वतः वॉशिंग्टनला जाऊन ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेऊन आले, दोन टक्के व्याजाने. अट अशी की ठरलेल्या मुदतीत पौंड खुला करायचा, कोणीही पौंड देऊन डॉलर मागावा. १५ जुलै १९४७ ला खुला केला आणि डॉलर असे वाहिले की २० ऑगस्टला गुंडाळावं लागलं. म्हणजे आपण झेंडावंदन करत होतो त्या आठवड्यात लंडनचा अर्थमंत्री डोक्याला हात लावून बसला होता. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला डिसेंबर २००६ मध्ये.

आणि यातली गोम आपल्याकडे येते. युद्धखर्चापोटी ब्रिटन हिंदुस्थानचं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होतं. ब्रेटन वूड्सच्या १९४४ च्या आर्थिक परिषदेला चिंतामणराव देशमुख आणि श्रॉफ गेले होते ते याचसाठी डोकं आपटायला. ते पैसे लंडनात अडकलेले. १८ सप्टेंबर १९४९ ला अर्थमंत्री क्रिप्सनी पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला, आपला रुपया त्याच्यामागे गेला, पाकिस्तानने मात्र आपला रुपया उतरवला नाही. दोन्हीकडचा व्यापार तटला, आणि तिकडच्या कापसावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना झळ बसली. तेव्हा तिकडचा 'देशांतर्गत' कारभार पूर्ण देशांतर्गत नव्हता.

चकलीबहाद्दर

म्हणजे त्यांचे फुकट चष्मे आपल्या पैशातून?

अर्धविराम

इतकं सरळ नाही हो. पण 'तिजोरी रिकामी असताना केलं' याचा अर्थ सावकारांना थांबवून केलं, आणि थांबवलेल्या सावकारांत आपण होतो, एवढं खरं.

प्रशासक

ॲटली आणि नेताजींबद्दलचा फॉरवर्ड आणि त्याखालचे प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी आधीचे भरपूर धागे आहेत. धागाकर्त्याने विषय आखून दिलाय, त्यावर बोला.

डॉ_खोकला

आरोग्यसेवेवर मला बोलावं लागेल, कारण तिचं मीठ खाल्लंय. सत्तरच्या दशकात इथे ब्रिटनला आलो, पहिली नोकरी वेल्सच्या एका खाणीच्या खोऱ्यात. छातीचे पेशंट. खाणीतून निवृत्त झालेला माणूस जिना चढताना तीनदा थांबायचा.

तिथे एक म्हातारी नर्स होती, १९४८ च्या आधीपासून गावात काम केलेली. ती सांगायची, आरोग्यसेवा सुरू झाली त्या ५ जुलै १९४८ नंतरच्या महिन्यांत दवाखान्यात सगळ्यात जास्त बायका आल्या. वर्षानुवर्षं अंग बाहेर आलेलं, फडकं बांधून घरकाम करणाऱ्या. कारण १९११ चा जुना विमा होता तो कमावत्या कामगाराला. त्याच्या बायकोला नाही, पोरांना नाही. डॉक्टरची फी नवऱ्याच्या पगारातून जायची, म्हणून बाई बोलायचीच नाही. इथल्या जुन्या डॉक्टरांच्या आठवणींमध्येही हे वारंवार येतं. चष्मे आणि कवळ्यांची गर्दी सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या वर्षात पन्नास लाखांवर चष्मे गेले आणि अंदाजपत्रक कोलमडलं. त्यावर पेपरांनी चेष्टाही केली. पण लोकांची दृष्टी एका वर्षात बिघडली नव्हती ना. दुकानातल्या टोपलीतून अंदाजाने चष्मा उचलणारी माणसं होती ती.

आता आमच्या जमातीचं. फेब्रुवारी १९४८ ला डॉक्टरांच्या संघटनेने मत घेतलं तेव्हा दहातले नऊ विरोधात. बेव्हनला हिटलरच्या पंगतीला बसवण्यापर्यंत भाषा गेली होती. त्याने काय केलं, तर मोठ्या कन्सल्टंटांना हॉस्पिटलात पगार दिला आणि खाजगी पेशंटही ठेवू दिले. त्यांची तोंडं सोन्याने बंद केली, असं तो म्हणाल्याचं सांगतात. गल्लीतल्या डॉक्टरांना सरकारी नोकर करणार नाही असं लिहून दिलं. नोंदवलेल्या माणसामागे पैसे. दवाखाने विकायची पद्धत बंद केली आणि त्याची भरपाई म्हणून ६ कोटी ६० लाख पौंड बाजूला काढले. जुलै उजाडेपर्यंत बहुतेक सगळे आत.

ट्रेडिगारला ही कल्पना आधीच चालू होती. खाणकामगारांच्या पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे कापायचे आणि त्यांच्याच सोसायटीने डॉक्टर ठेवायचा. बेव्हन तिच्या समितीवर होता. म्हणून टीपकागद, 'युद्धाने सवय लावली' हे अर्धंच.

हेमांगी_लीड्स

डॉक्टरकाका, फडक्याचं वाचून पोटात कालवलं.

आमच्या शेजारच्या आजी त्या काळात शाळेत होत्या. त्यांना आरोग्यसेवा वगैरे आठवत नाही, त्यांना आठवतात गोळ्या-चॉकलेटं. एप्रिल १९४९ ला रेशन उठवलं, दुकानं दुपारपर्यंत साफ झाली, ऑगस्टमध्ये पुन्हा कार्ड. कायमचं उठलं ते फेब्रुवारी १९५३ ला, चर्चिलच्या राज्यात. 'मला गोळ्या चर्चिलने दिल्या' असं त्या अजून म्हणतात. यावर काय बोलणार!

घरांचं मात्र सांगते. आम्ही भाड्याने राहिलो ते घर त्याच काळातलं कौन्सिलचं होतं. बेव्हनने तीन बेडरूमच्या घरासाठी ९०० चौरस फुटांची अट घातली होती, वर आणि खाली दोन्हीकडे संडास. भिंती जाड, मागे भाजी लावण्याइतकं आवार. नंतरच्या वर्षांतली घरं बघितली की फरक कळतो. पण मोठी घरं म्हणजे कमी घरं. १९५० च्या अधिवेशनात चर्चिलच्या हुजूर पक्षाने वर्षाला तीन लाख घरांचं वचन दिलं, आणि त्यांचे गृहनिर्माणमंत्री मॅकमिलननी पुढे ते पुरं केलं, घरं लहान करून. बॉम्बने छप्पर गेलेलं कुटुंब सासूच्या घरात एका खोलीत राहत असेल तर त्याला ९०० फुटांचं कौतुक किती दिवस?

पाटीपुस्तक

आम्ही चौघं ३०० फुटांत. दोन संडास म्हणजे पॅलेस.

मीठभाकर

डावीकडून माझी तक्रार वेगळी आहे. खाणींवर पाट्या लागल्या, 'ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवतं'. लोक बँड लावून नाचले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर मॅनेजर तेच. मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड हाइंडली, वेल्समधल्या बड्या कोळसा कंपनीचे माजी व्यवस्थापकीय संचालक. मालकांना भरपाई मिळाली. मंडळात कामगाराला काही आवाज नाही, कारण मॉरिसनचं सूत्रच होतं की तज्ज्ञांनी चालवावं. गोदी कामगार संपावर गेले तेव्हा १९४८ आणि ४९ ला आणीबाणीचे अधिकार वापरले, लष्कर धक्क्यावर उतरवलं. युद्धातला संपबंदीचा हुकूम १९५१ पर्यंत चालू. आमचे आजोबा गिरणीत होते, त्यांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग मजूर पक्ष कसला?

रामभाऊ_पेठकर

+१. आज सूर्य पश्चिमेला उगवला.

टीपकागद

मीठभाकर, हे मान्य, आणि त्यात भर घालतो. अणुबॉम्ब बनवायचा निर्णय जानेवारी १९४७ ला एका छोट्या गुप्त समितीत झाला. पूर्ण मंत्रिमंडळाला पत्ता नाही, संसदेला तर नाहीच. जिथे खाजगी शाळांना हात लावायचा होता तिथे यांनी लावला नाही, ॲटलींना आपल्या हेलीबरी शाळेचं प्रेम शेवटपर्यंत.

माझ्या बैलांच्या मुद्द्यावर परत येतो. बैठकीत ते स्वतः जवळपास बोलत नसत. सगळ्यांचं ऐकायचं, दोन वाक्यांत निष्कर्ष, पुढचा विषय. पक्षाचे अध्यक्ष लास्की रोज काहीतरी जाहीर बोलायचे, त्यांना पत्र पाठवलं की आपण काही काळ गप्प राहिलात तर स्वागत होईल. आजच्या पुढाऱ्यांना हे फ्रेम करून द्यावंसं वाटतं.

आणि म्हणूनच ते आजारी पडले तेव्हाच औत मोडलं. १९५१ च्या वसंतात बघा. क्रिप्स प्रकृतीमुळे आधीच पद सोडून गेलेले. बेव्हिन १४ एप्रिलला वारले. ॲटली अल्सरने हॉस्पिटलात. कोरियाच्या युद्धासाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रखर्च मानेवर बसलेला. नवे अर्थमंत्री गेटस्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावलं. पहिल्या वर्षी त्यातून मिळणार होते १ कोटी ३० लाख पौंड. एवढ्यासाठी बेव्हनने राजीनामा दिला, सोबत हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन. ॲटली खुर्चीत असते तर दोघांना खोलीत कोंडून मिटवलं असतं असं मला वाटतं.

अर्धविराम

शंका आहे. ते भांडण पैशाचं नव्हतंच, तत्त्वाचं होतं. आणि गेटस्केल अर्थमंत्री झाले हेच बेव्हनला पचलं नव्हतं. शिवाय फुकटपणाला पहिला छेद १९४९ च्याच कायद्यात होता, औषधाच्या चिठ्ठीवर शुल्क घ्यायची तरतूद. तेव्हा बेव्हन मंत्रिमंडळातच होता. वापरली नाही, एवढंच.

सरळरेषा

मूळ प्रश्न बाजूला पडलाय. मतं जास्त पडून सत्ता का गेली?

१९५१ ला मजूर पक्षाला १ कोटी ३९ लाखांवर मतं आणि २९५ जागा, हुजूर आणि मित्रांना १ कोटी ३७ लाख आणि ३२१ जागा. यात एक गोष्ट लपते. उत्तर आयर्लंडमधल्या चार जागांवर हुजूरांचे मित्र बिनविरोध आले, तिथे मतदानच झालं नाही. तेव्हा फरक दिसतो त्याहून कमी धरा.

मोठं कारण उदारमतवादी पक्ष. १९५० ला त्यांनी ४७५ उमेदवार उभे केले, अनामत रकमा जप्त होऊन कंबरडं मोडलं, १९५१ ला फक्त १०९. उरलेल्या ठिकाणचे त्यांचे मतदार जास्त करून हुजूरांकडे वळले. त्यात मजूर पक्षाची मतं खाणींच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात ढिगाने साठलेली. एका खाणीच्या मतदारसंघात तीस हजारांनी निवडून आलात तरी जागा एकच. आणि मतदारसंघांची नवी आखणी कोणी केली? याच सरकारने, १९४८ च्या कायद्याने, स्वतःचं नुकसान होणार हे दिसत असताना. त्याच कायद्याने विद्यापीठांच्या संसदेतल्या जागा आणि श्रीमंतांचं दुहेरी मतही गेलं. आपल्याकडे सत्तेतला पक्ष आपल्याविरुद्ध हद्दी आखेल का?

तारीखही स्वतःच निवडली. पाचच्या बहुमतावर दीड वर्ष रेटलं होतं, राजाला दौऱ्यावर जायचं होतं आणि आपल्यामागे सरकार डळमळीत नको होतं. ॲटलींनी ऑक्टोबर दिला. थोडं थांबले असते तर बाजाराचं चित्र बदललं असतं, असं बरेच अभ्यासक म्हणतात.

हेमांगी_लीड्स

त्यात १९५१ च्या सुरुवातीला मटणाचं रेशन माणशी आठवड्याला आठ पेन्स. युद्धातही इतकं खाली गेलं नव्हतं. 'युद्ध आपणच जिंकलो ना?' असं आजींचे वडील रोज विचारायचे म्हणे.

रामभाऊ_पेठकर

हेच तर म्हणतोय कधीपासून. मतदारसंघ-बिंघ ठीक, बाईच्या पिशवीत काय आहे ते बघा. मध्यमवर्गाची उपनगरं १९४५ ला यांच्याकडे आली होती, ती पावाच्या रांगेत परत गेली.

मीठभाकर

बरं रामभाऊ, मग चर्चिलने येऊन काय मोडलं ते सांगा. पोलाद आणि ट्रकवाहतूक १९५३ ला परत विकायला काढली. कोळसा, रेल्वे, वीज, विमा, हॉस्पिटलं, सगळं तसंच.

डॉ_खोकला

एक मात्र केलं. १९५२ ला चिठ्ठीमागे एक शिलिंग घ्यायला सुरुवात केली. नवा कायदा करायची गरजच पडली नाही. अर्धविरामांनी वर सांगितलेली १९४९ ची तरतूद ॲटलींनी तयार ठेवलीच होती.

चकलीबहाद्दर

हसून हसून पुरेवाट. टॅक्सी परत बोलवा, कोणीतरी शिलिंग द्यायचा राहिलाय.

टीपकागद

पन्नास प्रतिसाद व्हायच्या आत उत्तर मिळालं. सरळरेषांचा हद्दींचा मुद्दा आणि रामभाऊंची पिशवी, दोन्ही धरतो. अणुबॉम्बच्या समितीवर वेगळा धागा काढतोय, मीठभाकर तिथे या. पाटीपुस्तक, बेव्हन 'न', आरोग्य. बेव्हिन 'नि'वाला नाही, 'न'च, पण आधी वेलांटी. जाऊ दे, क्लास बदला.